अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

निवृत्ती गुरुजींचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटे लागत आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

"आप्पा, एसएसडी टाकून घेऊ," त्यांचा मुलगा रवी म्हणाला. तो अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि कोणतीही वस्तू सावकाश चाललेली त्याला बघवत नसे. "बारा सेकंदांत चालू होईल."

"का? माझी कुठं गाडी चुकतेय?"

"गाडीचं नाय हो. तुमच्या कॉम्प्युटरात जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात चकती फिरते, तिच्यावर एक सुई हिंडते आणि हवं ते शोधते. एसएसडीत फिरायचं कामच नाय. नुसती चिप. मागितलं की हजर."

"वाचनालयातसुद्धा पुस्तक शोधत हिंडावंच लागतं," गुरुजी कडाडले. "म्हणून कोणी वाचनालय मोडीत काढतं का?"

तेवढ्याने गुरुजींचा राग शमला नाही. दुसऱ्या दिवशी ते खरेच वाचनालयात गेले, संगणकावरची दोन जाडजूड पुस्तके घेऊन आले आणि वहीत मधोमध रेघ मारून त्यांनी तुलना लिहून काढली. डावीकडे: 'हार्ड डिस्क घरघरते, त्यामुळे जिवंत असल्याचे कळते. मरण्यापूर्वी बहुधा कुरकुरते, त्यामुळे माणसाला आवराआवर करायला सवड मिळते.' उजवीकडे: 'एसएसडी आवाज करत नाही. गेली तरी कळणार नाही. धक्का सोसते असे म्हणतात, पण कॉम्प्युटर टेबलावरून पाडतो कोण?' वेगाचा मुद्दा त्यांनी उजवीकडे सर्वांत खाली, बारीक अक्षरात घेतला.

एवढ्या संतापाला एक कारण होते, आणि ते गुरुजींखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. निदान त्यांची तशी समजूत होती.

सुरगाणा तालुक्यातल्या शाळांत तेहेतीस वर्षे मास्तरकी करून ते मखमलाबादच्या घरी परतले, तेव्हा त्यांनी जाहीर केले होते की मी त्या दिवसांवर पुस्तक लिहिणार. त्याला सहा वर्षे झाली. रोज सकाळी ते बटण दाबत, चष्मा पुसत, झेंडूच्या वाफ्यांवरून एक चक्कर मारत, परत येऊन पुन्हा चष्मा पुसत. मग पडद्यावर पहिली ओळ यायची: 'सुरगाण्याच्या डोंगरावर सकाळ झाली होती.' गुरुजी 'सकाळ' खोडून 'पहाट' करत. दुसऱ्या दिवशी 'पहाट' खोडून 'सकाळ'. आपण लिहिलेले कोण वाचणार, आणि वाचलेच तर हसणार तर नाही ना, या विचारात दहा वाजत. सहा वर्षांत पुस्तकाच्या सतरा ओळी झाल्या होत्या.

कोणी विचारले की मात्र ते म्हणत, "पाऊण झालंय. कॉम्प्युटर फार हळू आहे हो, नाहीतर केव्हाच संपलं असतं."

हे उत्तर सहा वर्षे उत्तम चालले. मग किशोर आला.

किशोर त्यांचा सुरगाण्याचा विद्यार्थी. त्याने नाशकात छोटासा छापखाना काढला होता. श्रावणात तो भेटायला आला आणि गुरुजींच्या तोंडून 'पाऊण झालंय' ऐकताच त्याचे डोळे भरून आले.

"गुरुजी, दसऱ्याला मी मशिनची पूजा करतो. या वर्षी मुहूर्ताचं पहिलं पान तुमच्या पुस्तकाचं. जेवढं झालंय तेवढं द्या, राहिलेलं मागून छापू."

"अरे, पण कॉम्प्युटर..."

"त्याचं मी रवीभाऊंशी बोलतो."

अशा रीतीने गुरुजींच्या सबबीवरच सगळ्यांनी मिळून इलाज काढला. किशोरने जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवले, चाळीस जणांनी पसंतीचे अंगठे पाठवले, आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी रवी हातात काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी घेऊन घरी आला.

"ही? एवढीशी?" गुरुजी संतापाने म्हणाले. "माझी सहा वर्षं हिच्यात मावायची?"

"आप्पा, तुमच्यासारखी पन्नास हजार पुस्तकं मावतील."

गुरुजींनी मनात हिशेब केला. त्यांच्यासारखी पन्नास हजार पुस्तके खरेच मावली असती.

रवीने कॉम्प्युटरची पेटी उघडली, हार्ड डिस्क काढली, विंडोज आधीच भरून आणलेली एसएसडी बसवली आणि बटण दाबले. गुरुजींनी सवयीने चष्मा काढला. एक काच पुसून होते न होते तोच पडदा उजळला. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा तो गुरुजींकडे रोखून पाहू लागला.

"बघा! बारा सेकंद!"

"हा उद्धटपणा आहे," गुरुजी म्हणाले.

"तुमची फाइल जुन्या डिस्कवर आहे. कंपनीतून वायर आणतो, परवा कॉपी करू." रवीने जुनी डिस्क देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आणि तो झेंडू तोडायला मळ्यात गेला. दसरा तोंडावर आला होता, घरात प्रत्येकाच्या हाताला फुलांचा वास होता. गुरुजींना मात्र परवाचा दिवस दिसत होता.

परवा खंडेनवमी होती. घरातल्या हत्यारांची पूजा गुरुजींच्या पत्नी, धोंडाबाई, करत. त्यांनी पाटावर विळा, खुरपं, फवारणीचा पंप आणि रवीची मापपट्टी मांडली, आणि शेवटी फळीवरची हार्ड डिस्कही आणून ठेवली.

"हे कशाला?" गुरुजींनी विचारले.

"सहा वर्षं राबली ती. हत्यारच हाय की तुमचं."

सून स्नेहा आरतीची तयारी करत होती. धोंडाबाईंनी डिस्क तिच्यापुढे धरली. "सूनबाई, हे बारीक भोक हाय, त्याच्या शेजारी काय लिवलंय गं?"

"'हे भोक झाकू नका' असं लिहिलंय, आई. तिथं काही लावू नका बरं."

"बरं."

तेवढ्यात रवी वायर घेऊन आला. "आप्पा, चला, दहा मिनिटांचं काम आहे."

"खबरदार!" गुरुजी ओरडले. "पूजलेलं हत्यार आज हलवायचं नाही!"

रवीने वायर खाली ठेवली. "आप्पा, तुम्हीच तर नवमीला आमच्याकडनं पाढे म्हणून घ्यायचे. म्हणायचे, पूजेला ठेवलेल्या पुस्तकानं ज्ञान वाढत नाय, उघडलेल्या पुस्तकानं वाढतं."

"तेव्हा मी नोकरीत होतो," गुरुजी म्हणाले आणि परंपरेचा अपमान झाल्यासारखा चेहरा करून बाहेर गेले. त्यांना एक दिवस मिळाला होता. त्या दिवसात त्यांनी पाऊण पुस्तक लिहून काढायचे ठरवले, ते बारा सेकंदांच्या कॉम्प्युटरपुढे बसले, आणि 'सकाळ' लिहून उठले.

दसऱ्याला दहा वाजता किशोर आला. त्याच्यासोबत सहा जुने विद्यार्थी, नारळ आणि पेढे होते. धोंडाबाईंनी पूजा उठवली आणि डिस्कच्या कडा पदराने पुसून ती रवीच्या हातात दिली. रवीने वायर जोडली. सगळे पडद्यापुढे वाकून उभे राहिले. गुरुजी भिंतीला टेकले होते. आत्ता फाइल उघडेल, सतरा ओळी दिसतील, आणि ज्या मुलांना आपण 'खोटं बोलू नये' हे शंभर शंभर वेळा लिहायला लावले तीच मुले ते पाहतील.

डिस्कमधून 'टक' असा आवाज आला. मग 'टक टक'. मग जळका वास आला.

रवीने डिस्क ओढून काढली आणि उलटी केली. खालच्या हिरव्या पट्टीवर हळदीचा ओला चिखल होता. वरच्या भोकावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, आणि त्यातून दुधाचा थेंब बाहेर आला.

"आई!" स्नेहा किंचाळली. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"मला वाटलं, टिळा लावायचीच जागा हाय ती," धोंडाबाई पुटपुटल्या. "म्हणून तर भोक ठिवलंय."

"आई, सहा वर्षांचं लिखाण होतं त्यात! पाऊण पुस्तक!" रवी डोके धरून खाली बसला. किशोरने नारळ टेबलावर ठेवला. एका विद्यार्थ्याने डोळे टिपले.

गुरुजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना इतके हलके वाटले की आपण हसू या भीतीने त्यांनी तोंडावर हात धरला, आणि ते पाहून सगळ्यांना वाटले की गुरुजींना हुंदका आवरत नाहीये.

"जाऊ द्या रे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "आता काय उपयोग."

"उपयोग कसा नाही, गुरुजी?" किशोर उसळून म्हणाला. "पुण्यात एक माणूस आहे, जळलेल्या डिस्कमधून अक्षरन् अक्षर काढतो. आज सुट्टी असेल त्याला. उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जातो." मग तो धोंडाबाईंकडे वळला. त्याचा आवाज आदराचा होता, पण धारदार होता. "बाई, एवढं एक वर्ष पूजा नसती केली तर चाललं असतं."

त्यानंतर दिवसभर जो आला तो धोंडाबाईंना काहीतरी सुनावून गेला. सोने द्यायला आलेल्या शेजाऱ्यांनी आपट्याची पाने गुरुजींच्या हातात दिली आणि धोंडाबाईंना म्हटले, "काय केलंत हे?" सुरगाण्याहून फोन आले. स्नेहा एरवी सासूशी खूप बोलायची, पण आज ती नुसती भांडी आपटत होती. गुरुजींना आधी हे सोयीचे वाटले, मग थोडे जड, आणि दुपारी धोंडाबाईंनी पुरणपोळीचे ताट तसेच सरकवून ठेवले तेव्हा त्यांनीही हातातला घास खाली ठेवला. तेहेतीस वर्षांत त्यांनी एका पोराच्या चुकीसाठी दुसऱ्याला कधी छडी मारली नव्हती.

संध्याकाळी ते तेच ताट घेऊन मागच्या अंगणात गेले. धोंडाबाई उरलेल्या झेंडूच्या माळा ओवत बसल्या होत्या.

"जेव."

"भूक नाय."

गुरुजी शेजारी बसले. दोनदा घसा साफ केला.

"ऐक. त्या डिस्कमध्ये पुस्तक नव्हतं."

"मंग काय होतं?"

"सतरा ओळी."

धोंडाबाईंनी सुई थांबवली. "सतरा का? मला वाटलं, दहा-बारा असतील."

गुरुजींच्या हातातले ताट कलंडले. "तुला ठाऊक होतं?"

"कान हायेत मला. अकरा मिनिटं ते यंत्र घरघरायचं, मंग चार वेळा टिकटिक, मंग तुमचा उसासा. सहा वर्षं. उसाशांचं कुठं पुस्तक होतं का?"

"म्हणजे ती हळद... ते दूध..."

"सूनबाईनं सांगितलं नसतं तर मला कुठं ठावं होतं, नेमकं कुठं वतायचं ते." त्यांनी ताट ओढून घेतले आणि पुरणपोळीचा मोठा घास तोडला. "चाळीस पोरांपुढं मास्तर खोटा पडायला नको. माझं काय, मी येडी ती येडीच."

गुरुजींना एकदम आठवले. "पण उद्या किशोर ती पुण्याला नेणार! तो माणूस अक्षरन् अक्षर काढतो!"

"काढू दे की. पाटाच्या पाण्यात उतरावं लागंल त्याला. दुपारी नवरात्राचा घट पाण्यात शिरवला, त्याच टोपलीत घालून सोडली मी ती."

गुरुजी सुटले होते. आपली सुटका पक्की झाली हे त्यांना कळले, आणि त्याच क्षणी त्यांना भयंकर संताप आला.

"पाटात? माझ्या सतरा ओळी? कोणाला विचारून? त्या ओळी चांगल्या होत्या! पहिली तर फारच चांगली होती! सहा वर्षं घासलेली ओळ, आणि तू दुधात बुडवून पाण्यात सोडलीस?"

"लक्षात हाय ना ती?"

"आहे! नसायला काय झालं!"

"मंग लिवा परत. आता यंत्राची घरघर नाय." आणि त्या पुन्हा जेवू लागल्या.

गुरुजी ताडताड पावले टाकत आत गेले आणि त्यांनी बटण दाबले. रागाच्या भरात चष्मा पुसायचे राहून गेले. बारा सेकंदांत कोरे पान समोर आले आणि गुरुजी त्याच्यावर तुटून पडले. 'सकाळ' की 'पहाट' हा विचार करायला सवड नव्हती, कारण मनात भरलेले आधी बाहेर काढायचे होते. अंगणात धोंडाबाईंना टिकटिक ऐकू येत होती. ती थांबत नव्हती.

रात्रीच्या जेवणाला हाक आली तेव्हा एकोणीस ओळी झाल्या होत्या. सगळ्या धोंडाबाईंच्या विरोधात होत्या.