वयाचं हवामान

"पावणं, चहापाणी झालं. आता सांगा, करता काय नक्की?" दादासो गुरुजींनी विचारलं, आणि प्रसेनजीतने खिडकीबाहेरच्या ढगावर अडकलेली नजर घरात ओढून आणली.

आई-वडिलांना घेऊन तो कोल्हापूरहून पेठ वडगावला शिवानीला बघायला आला होता. पण चहाचा कप देताना तिनेच त्याच्याकडे असं काही बघितलं, की तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागले नव्हते. हे लग्न जमावं, एवढंच त्याच्या मनात घुमत होतं, उसाच्या फडातून वारं घुमावं तसं. आणि जमणं-फिसकटणं होतं तिच्या चुलत्यांच्या, म्हणजे या निवृत्त गुरुजींच्या हातात.

"वेधशाळा हवामान आकड्यांत पाठवतात," तो म्हणाला. "कुठल्या आकड्याचा अर्थ काय, त्याची जाडजूड कोष्टकं असतात. ती चाळायला लागू नयेत म्हणून मी एक प्रोग्रॅम केलाय. आकडा टाकला की अर्थ येतो."

"दाखवा की मग!"

त्याने लॅपटॉप उघडला. काळाभोर पडदा, त्यावर लुकलुकणारी एकच रेघ.

"बंद पडलाय व्हय?"

"न्हाई, असाच असतोय." त्याने तीन टाकला. ओळ उमटली: 'ढग आकार घेत आहेत.' हे मराठी अर्थ त्याने स्वतः लिहिले होते, एकेक शब्द तान्ह्या लेकरासारखा जोजवत.

दाराशी उभी असलेली शिवानी गालात हसली.

"त्रेसष्ट टाका," गुरुजी पुढे सरकले. "माझं वय."

"गुरुजी, ह्याचा वयाशी काय संबंध न्हाई. चुकीचं हुईल ते."

"गंमत ओ!"

'पाऊस, मध्यम, सतत चालू.'

"खोटं काय हाय त्यात?" शिवानीची आई आक्काताई म्हणाल्या. "भाऊजी, सकाळधरनं तुम्ही एकटंच बोलताय."

हशा ऐकून शेजारचा जोतीराम आत डोकावला. त्याचं वय पंचेचाळीस. 'दाट धुकं, आभाळ दिसत नाही.'

"आयला!" जोतीरामने चष्मा काढून पुसला. "कालच डोळं तपासून आलोय मी. ह्याला कुणी सांगितलं?"

झालं. जोतीरामने गल्लीत तोंड उघडलं आणि अर्ध्या तासात उंबऱ्यापर्यंत रांग लागली. प्रसेनजीत प्रत्येकाला सांगत होता, हे तसं नसतंय, ऐकतंय कोण? गुरुजींनी जन्मभर थोतांड म्हणून लोकांच्या हातातल्या पत्रिका काढून घेतल्या होत्या. ते आता रांगेला समजावत होते, "पत्रिका न्हवं ही. सायन्स हाय सायन्स!"

"मग नवऱ्या मुलाचं बघा की, गुरुजी!" रांगेतून आवाज आला.

प्रसेनजीतचं वय बत्तीस. उत्तर त्याला पाठ होतं. त्याने हात मागे घेतला. गुरुजींनी स्वतःच एका बोटाने आकडा दाबला.

'धुळीचं वादळ. सुरू झालं आहे किंवा वाढत आहे.'

रांगेतली डोकी लॅपटॉपवर वाकली.

"वादळ?" आक्काताई पुटपुटल्या. "आणि वर वाढतंय?"

"अवो, हे हवामानाचं हाय, माझं न्हवं!"

"माझं बरोबर आलं. जोतीरामचं बी आलं," गुरुजी नजर चुकवत म्हणाले. "आम्ही विचार करून कळवतो, पावणं."

विचार करून कळवतो म्हणजे काय, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. प्रसेनजीतच्या आईने पिशवी उचलली. त्याच्या आतला फड एकदम मुका झाला.

तेवढ्यात शिवानी आली आणि लॅपटॉपपुढे बसली. तिने स्वतःचं वय टाकलं, अठ्ठावीस. 'मघाशी धुकं होतं. आता नाही.'

"एकेकाचं बघून काय हुतंय, तात्या?" ती चुलत्यांना म्हणाली. "संसार दोघांचा असतोय." आणि बत्तीसात अठ्ठावीस मिळवून तिने साठ दाबला.

'पाऊस, हलका, थांबून थांबून.'

"अगं बया, रिमझिम!" आक्काताईंचा चेहरा भिजल्यासारखा मऊ झाला.

"पण बेरीज करायची असती व्हय, पावणं?" गुरुजींचा मास्तर जागा झाला.

सगळी गल्ली प्रसेनजीतकडे बघू लागली. शिवानीही बघत होती, बोट अजून बटणावर ठेवून. बाहेर गुऱ्हाळाचा गोड धूर तरंगत होता.

"असती की," तो म्हणाला. "लग्नाला बेरीजच धरत्यात."

"तारीख बघा, तारीख!" गुरुजी गरजले. त्या गलक्यात शिवानी लॅपटॉप मिटता मिटता हळूच म्हणाली,

"बरं झालं बाई. मला वाटलं, तुम्हाला खोटं बोलताच येत न्हाई."