दुसऱ्या स्टँडवरचे आप्पा

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा येणार असला की त्याला आणायला दोन माणसं जातात. पाहुणा एकच असतो, तरी दोन. एकजण जातो ते जिथं पाहुणा उतरणार असतो तिथं. दुसरे जातात ते आप्पा. ते जातात जिथं पाहुणा उतरणार नसतो तिथं.

मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहीत आलेला माणूस. एका माणसाच्या कामावर दोन माणसं दाखवली तर आमच्या धंद्यात त्याला फार वाईट नाव आहे. त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा घडला तेव्हा मी चाटच पडलो. आम्ही तुळजापुरात नवीनच राहायला आलो होतो आणि माझ्या सासूबाई यायच्या होत्या. तुळजापूरला दोन बसस्टँड, जुनं आणि नवं. सासूबाई नव्याला उतरणार, हे त्यांनी सांगितलेलं आणि मी पुन्हा विचारून पक्कं केलेलं. मी पायांत चपला घालतोय तोच समोरच्या घरातून विश्वनाथआप्पा टोपी सारखी करत बाहेर आले.

"तुम्ही नव्याला निघालाव का? बरं. मी जुन्याला जातो."

"अहो आप्पा, त्या नव्यालाच उतरणार आहेत."

"ठाऊक हाय की. म्हणून तर मी जुन्याला निघालोय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. आप्पांनी माझ्या दंडाला हात लावला आणि पुढं शेकडो वेळा ऐकलेलं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"बरोबर जागी कुणीबी जातंय, साहेब. चुकीच्या जागी कोण जाणार?"

आप्पांचं मंदिराच्या वाटेवर कवड्यांच्या माळांचं छोटं दुकान आहे. माळ ते स्वतः ओवतात आणि शेवटी एक विशिष्ट गाठ मारतात, ती कुणाला उलगडत नाही. पण दुकानात जेवढ्या माळा खपल्या नसतील त्याच्या कैकपट लोकांनी तिथं थांबून एकच प्रश्न विचारला असेल : "स्टँड कुठंय हो?" त्यावर आप्पांचा प्रतिप्रश्न ठरलेला : "जुनं का नवं?" हे विचारून विचारून त्यांच्या जिभेला वळणच पडलं. माझा गुडघा दुखतो म्हटलं तर, "जुनं का नवं?" बायको म्हणाली, आमच्या पुतणीच्या सासरी भांडण झालंय. "जुनं का नवं?" गंमत म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्न लागू पडतो. मी पडताळून पाहिलंय.

चुकीच्या जागी उभं राहण्याचा उपयोग काय, असं मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. तोट्याचाच व्यवहार आहे हा. उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. माझ्या मुलीला बघायला लातूरकडची मंडळी यायची होती. मी नव्या स्टँडवरून त्यांना रीतसर घेऊन घरी आलो आणि दारातच थिजलो. माझ्या बैठकीत सात अनोळखी माणसं मांडी घालून सुशीला खात होती. चुरमुऱ्यांचा तो सगळा सुशीला बायकोनं लातूरकरांसाठी केलेला. आप्पा त्यांना वाढत होते.

"हे कोण?" मी कसंबसं विचारलं.

"जुन्याला उतरले. घ्यायला कुणीच आलं नव्हतं बगा. लई घाबरले होते."

"पण आप्पा, हे आपले पाहुणे नाहीत!"

"कुणाचे तरी असतीलच की."

ते बेंबळीचे निघाले. कुणाच्या तरी बारशाला आले होते आणि ज्यांच्याकडे जायचं ते नव्या स्टँडवर त्यांची वाट बघत होते. बायको पुढं आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच त्यांना बोलावलं होतं. लातूरकरांना मात्र हे घर फार पसंत पडलं. माणसांचा इतका राबता आहे म्हणाले. लग्न तिथंच जमलं.

मुंबईला दुसरं विमानतळ सुरू झाल्याची बातमी आली त्या दिवशी आप्पा पेपर घेऊन धावतच माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"बगा! मुंबईचंबी तुळजापूर झालं!"

मला हसू आलं, पण ते त्यांनी पाहिलं नाही. पुढच्या वाक्याला त्यांचा आवाज खाली आला. "आमची नंदा यायलीय. मस्कतवरनं."

नंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिकडे दवाखान्यात नर्स आहे. कोरोनाच्या आधी गेली ती अजून आली नव्हती. तिची आई ती शिकत असतानाच वारली. दर मंगळवारी तिचा फोन यायचा. आप्पा ओट्यावर बसून बोलायचे, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. ज्वारी कशी आहे, गर्दी किती आहे, तिकडं पाऊस पडतो का. बाप-लेकीचं बोलणं असं हवामानखात्यासारखं का, असं मला नेहमी वाटे.

तिनं तिकीट पाठवलं होतं ते मी वाचून दाखवलं. विमान जुन्या विमानतळावर उतरणार होतं, संध्याकाळच्या आत. माझ्या सवयीप्रमाणं मी दोन्ही विमानतळांची अंतरं काढली. आपल्याकडून जाताना नवं आधी लागतं, पनवेलच्या अंगाला. जुनं त्याच्या पुढं, सगळी मुंबई तुडवून. तिनं नव्याचं तिकीट काढलं असतं तर आपला बराच वेळ वाचला असता, असं मी म्हणालो. पण आता काढलंय ते जुन्याचं, तेव्हा जुनं.

आप्पा विचार करत म्हणाले, "जुन्याला उतारू उतरवून ते पुढं नव्याला येतं का?"

"कोण?"

"विमान."

मी हबकलो. मग समजावत बसलो. विमान म्हणजे सोलापूरची गाडी नव्हे, दोन्ही स्टँड घेत जायला. आप्पा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वरनं रस्ता तर मोकळाच असतोय." त्यापुढं मी हात टेकले.

गल्लीतल्या सलीमची गाडी ठरवली. पहाटे निघालो. आप्पांनी नवी टोपी घातली होती आणि मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. तिच्यातून धपाट्यांचा वास येत होता. भिगवणच्या पुढं सलीमला राहवेना.

"आप्पा, एक द्या की. वासानंच मारताय."

"ते माणसाचे हायत."

"मग मी काय जनावर हाय व्हय?"

"तू गाडीवाला हायस. गाडी बघ." आणि त्यांनी त्याला हॉटेलात पोटभर वडे खाऊ घातले, पण पिशवीची गाठ सोडली नाही.

घाट उतरून पनवेलच्या जवळ आलो. नव्या विमानतळाची पाटी दिसताच आप्पा सलीमला म्हणाले, "इकडं वळीव. मला नव्याला सोड आणि साहेबांना घेऊन जुन्याला जा."

सलीमनं गाडी बाजूला घेतली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. चार-साडेचारशे किलोमीटर येऊन हा मनुष्य मुलीला भेटायच्या ऐनवेळी हे करतो! नातेवाइकांच्या बाबतीत एक वेळ चाललं, पण पोटच्या पोरीच्या बाबतीत? मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

"आप्पा, ती इथं उतरणार नाही! विमान इथं येणार नाही! किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"सगळं. विमान दोन ठिकाणी थांबत न्हाय, हे काय मला कळत न्हाय व्हय? तुम्ही इतकं समजावत होता, म्हणून ऐकत बसलो."

मग इतके दिवस आपण कुणाला शिकवत होतो? आप्पा पिशवीकडे बघत बोलायला लागले. ही गोष्ट आम्ही त्या गल्लीत राहायला येण्याआधीची.

नंदानं परदेशी जायचं ठरवलं तेव्हा आप्पा अडून बसले. सगळ्या गावाला गाडीवर पोचवायला जाणारा माणूस, पण तिला म्हणाले, तू गेलीस तर मी पोचवायला येणार नाही. त्यांना वाटलं, बाप पोचवायला आला नाही तर पोरगी जाईल कशी? पण ती निघाली. नव्या स्टँडवरून गाडी होती. ती घरातून बाहेर पडल्यावर आप्पांना बसवेना. नव्याला जायचं तर बोललेला शब्द आडवा आला. म्हणून ते जुन्याला जाऊन उभे राहिले. गाडी नव्यावरून निघाली की जुन्याला येतेच. खिडकीतून बघू, एवढंच.

"मग?"

"गाडी आलीच न्हाय. यात्रेचे दिस होते. यात्रेत गाड्या गावात जुन्याला येत न्हायत, नव्यावरनं बाहेरनंच जातात. दुकानासमोर माणसांचा पूर होता, दिवसभर माळा ओवत होतो, आणि तेवढंच ध्यानात आलं न्हाय बगा."

तुळजापुरात जन्मलेला माणूस यात्रेत गाडी गावात येत नाही हे विसरतो! माझा विश्वास बसेना. आणि त्याच क्षणी बसलाही.

"तिला वाटलं, बाप आला न्हाय. फोनवर तिनं कधी विचारलं न्हाय. आता समोर आली आणि इचारलं तर? दुसऱ्या स्टँडवर होतो म्हणू? कोण खरं मानंल? त्यापेक्षा तुम्ही जावा. तिनं तुमच्यासमोर तोंड फिरवलं तर मला कळणार तरी न्हाय. आणि तिनं विचारलं, बाप कुठंय, तर सांगा, म्हातारं चुकलं. नव्याला गेलं."

त्यांनी खिशातून एक कवड्यांची माळ काढून माझ्या हातात दिली. "तुम्हाला ती वळखत न्हाय. ही दाखवा. गाठ वळखंल." आणि पिशवी घेऊन उतरले.

जुन्या विमानतळाच्या दारात माणसं हातात नावांच्या छापील पाट्या धरून उभी होती. त्यांच्यामध्ये मी कवड्यांची माळ उंच धरून. लोक मला वाट देऊन उभे राहत होते, एकीनं तर नमस्कारही केला. असा अवघडलेला मी जन्मात कधी नव्हतो. तेवढ्यात एक पस्तिशीची बाई सामानाची गाडी ढकलत थेट माझ्यासमोर आली, माळेचं टोक बोटात धरलं, गाठ पाहिली आणि विचारलं, "आप्पा कुठंयत?"

खोटं बोलायची मला सवय नाही आणि पढवलेलं वाक्य ऐनवेळी जिभेवर आलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. जुनं स्टँड, यात्रा, न आलेली गाडी. तिनं तोंड फिरवलं नाही. माळ मुठीत घेतली आणि म्हणाली,

"मी कंडक्टरला विचारलं होतं त्या दिवशी. म्हटलं, गाडी जुन्याला थांबणार का? तो हसला. म्हणाला, यात्रेचं कुठलं, ताई? मी म्हटलं, एकच मिनिट थांबवा, माझे आप्पा तिथं उभे असतील."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काका, ते नव्याला आले नाहीत म्हणजे जुन्याला असणार. दुसरं कुठं असणार?"

"मग इतक्या दिवसांत बोलला का नाहीत?"

"त्यांनीच सांगावं असं वाटायचं." मग तिनं डोळे पुसले आणि गाडी लावून आलेल्या सलीमला विचारलं, "कुठल्या विमानतळावर सोडलंस त्यांना? जुन्या का नव्या?" प्रश्न तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. आम्ही जुन्याच विमानतळावर उभे होतो.

परत नव्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आप्पा जिथं सोडले होते तिथून पुढं जाऊन, प्रवासी बाहेर पडतात त्या दाराकडे तोंड करून उभे होते. एकेक माणूस बाहेर येई आणि आप्पा त्याच्याकडे निरखून बघत. न जाणो, कुणाचा तरी पाहुणा घ्यायला कुणी आलं नसेल तर. नंदा मागून, रस्त्याकडून गेली. मी आणि सलीम चार पावलं मागं थांबलो. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही दाराकडे बघू लागली.

आप्पांना वाटलं, असेल कुणीतरी वाट बघणारी बाई. दारावरची नजर न काढता त्यांनी विचारलं,

"मस्कतचं विमान लागलं का हो?"

"लागलं की," नंदा म्हणाली. "दुसऱ्या स्टँडला."

आप्पांनी लगेच मान वळवली नाही. हातातली पिशवी तेवढी त्यांनी तिच्या बाजूला धरली.

"धपाटे हायत," ते म्हणाले. "त्या दिवशीबी होते."