सगुणाबाईंची बर्गलरी

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी गुन्हे मराठीत व्हायचे. कुणी काही चोरलं की त्याला चोर म्हणायचे, चौघं मिळून चोपायचे आणि संध्याकाळी सगळे पाणवठ्यावर एकत्र पाणी प्यायला जायचे. चोरही जायचा, जरासा लंगडत.

मग त्या जंगलाचा राजा, म्हणजे सिंह, सर्कशीबरोबर परदेश फिरून आला. येताना त्यानं बसायला सर्कशीतलं स्टूल आणलं, आठवण म्हणून आपला जुना पिंजरा आणला आणि इंग्रजी आणली. स्टुलावर बसून तो दरबारात म्हणाला, "चोरी, लबाडी, मारामारी... हे शब्द ऐकले की गुन्हा झालाय असं वाटतच नाही. शेजारणी भांडतायत असं वाटतं. यापुढे गुन्ह्याचं इंग्रजी नाव सांगता आलं तरच तक्रार घ्यायची. शिक्षाही इंग्रजीतच होईल."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. कळलं कुणालाच नव्हतं, पण परदेशाहून आलेल्यासमोर तसं दाखवणं बरं दिसत नाही.

त्याच जंगलात करवंदीच्या जाळीमागे सगुणाबाई नावाची कोंबडी राहायची. तिनं नुकतीच अंडी घातली होती आणि पलीकडच्या बिळातला सर्जेराव मुंगूस ती एकेक करून खात होता. सर्जेराव तसा सभ्य. खाऊन झालं की टरफलं गोळा करून कोपऱ्यात ठेवायचा. पण आईच्या जिवाला टरफलांचं काय समाधान? सगुणाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी ती ठाण्यावर गेली.

ठाणेदार बगळा एका पायावर उभा होता.

"साहेब, माझ्या घरी चोरी झाली."

बगळ्यानं डोळे मिटले. "चोरी आता होत नाही."

"अहो, झाली की. मुंगसानं अंडी खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत."

"खाल्ली असतील. पण इंग्रजीत काय झालं?"

सगुणाबाईला इंग्रजी येत नव्हती. बगळ्याला तिची दया आली असावी. त्यानं समजावून सांगितलं, "दार उघडं बघून गुपचूप नेलं तर थेफ्ट. दार फोडून घुसला तर बर्गलरी. दमदाटी करून नेलं तर रॉबरी. तुमचं यातलं कुठलं?"

"दार उघडंच होतं. पण गुपचूप कुठं? चांगला बोलत बोलत आला. 'काय म्हणताय सगुणाबाई, तब्येत बरी ना?' असं विचारलं त्यानं."

"मग थेफ्ट नाही. दार फोडलं नाही, तब्येत विचारली म्हणजे दमदाटीही नाही. बाई, तुमच्याकडे गुन्हा झालेलाच नाही. पाहुणा येऊन गेला."

सगुणाबाई घरी आली आणि उरलेल्या दोन अंड्यांवर बसून खूप रडली. दुसऱ्या दिवशी सर्जेराव आला तेव्हा तिनं त्याला दारातच अडवलं.

"सर्जेराव, तुम्ही धड गुन्हासुद्धा करत नाही. माझी तक्रार कुणी घेईना."

सर्जेराव मटकन खाली बसला. त्याचंही दुखणं तेच होतं. "मला तरी काय मान आहे, सगुणाबाई? टेकडीवरचा कोल्हा फ्रॉड झाला. त्याच्या मुलीला कसली स्थळं येतायत. आणि मी इतकी वर्षं राबून कोण, तर पाहुणा."

दोघांनी बसून विचार केला. रॉबरीत दमदाटी लागते आणि सर्जेरावाचा आवाज बारीक. तेव्हा बर्गलरीच बरी, असं ठरलं. सगुणाबाईनं दार ओढून घेतलं. सर्जेरावानं नुसता पंजा टेकला आणि कुजकं दार आपोआप आत पडलं. बगळा येऊन बघून गेला. म्हणाला, याला फोडणं म्हणत नाहीत, याला दुरुस्ती न करणं म्हणतात. त्या गडबडीत एक अंडं मात्र सर्जेरावानं सवयीनं खाऊन टाकलं.

आता एकच अंडं उरलं. सगुणाबाईनं सुताराला, म्हणजे सुतार पक्ष्याला, बोलावून बांबूचं पक्कं दार करून घेतलं, कडी लावून घेतली. मग सर्जेरावाला बजावलं, "हे शेवटचं. खायचं नाही. फोडायचं ते दार. अंडं नुसतं घेऊन बाहेर यायचं. बगळेसाहेब जाळीमागं थांबतील, तुम्हाला पकडतील. तुमचं नाव होईल, माझं अंडं वाचेल."

"शब्द देतो," सर्जेराव म्हणाला आणि दाराला भिडला. ढकललं, ओरबाडलं, दातांनी कुरतडलं. दार हलेना. आतून सगुणाबाईला त्याची धाप ऐकू येत होती. जाळीमागे बगळा कंटाळून निघून गेला तर? तिनं आतून चोच घालून कडीचा खिळा उपटला. दार धाडकन उघडलं, सर्जेराव आत शिरून अंडं घेऊन बाहेर आला आणि बगळ्यानं त्याची मान धरली.

दरबार भरला. जंगलातली पहिली बर्गलरी बघायला सगळे लोटले. सिंह खुशीत होता.

"एवढं मजबूत दार फोडलंस कसं?" त्यानं विचारलं.

सर्जेराव सभ्य पडला. "खोटं कशाला बोलू, महाराज. मला जमत नव्हतं. बाईंनी आतून हात लावला."

सिंह स्टुलावर उभाच राहिला. "म्हणजे अबेटमेंट. गुन्ह्याला मदत. हा तर बर्गलरीपेक्षा भारी शब्द आहे."

दरबारानं टाळ्या वाजवल्या. कबुली दिली म्हणून सर्जेरावाला प्रोबेशन मिळालं, म्हणजे घरी जा आणि नीट वाग. सगुणाबाईला इम्प्रिझनमेंट मिळाली. हा शब्द इतका लांब होता की तो संपेपर्यंत ती नमस्कार करून उभी होती. अंडं एव्हिडन्स ठरलं. पुरावा थंड पडून नासू नये म्हणून कैद्यानंच त्यावर बसावं, असाही हुकूम झाला.

तुरुंग म्हणजे सर्कशीतला तो पिंजरा. गज इतके दाट की त्यातून मुंगसाचं नाकसुद्धा आत जाईना. दाराला कुलूप, कुलपापाशी पहाऱ्यावर बगळा, आणि दोन वेळचे दाणे सरकारी. रोज संध्याकाळी सर्जेराव गजांबाहेर येऊन बसायचा.

"काय म्हणताय सगुणाबाई, तब्येत बरी ना?"

"बरी आहे हो," ती आतून म्हणायची. आणि खरंच बरी होती. इतकी शांत झोप तिला जन्मात लागली नव्हती.

पुढं अंडं फुटलं. ओलं, पिवळं पिल्लू पुराव्यातून बाहेर आलं आणि तिच्या पंखाखाली शिरलं. सगुणाबाईला आनंदानं काही सुचेना.

तेवढ्यात बगळ्यानं येऊन कुलूप काढलं. "चला बाई, शिक्षा संपली. घरी जा."

सगुणाबाईनं उघड्या दारातून बाहेर बघितलं. सर्जेराव वाट बघत बसला होता. पिल्लाकडे बघून तो सभ्यपणे हसला.

तिनं पिल्लाला मागं सारलं. दोन पावलं पुढं आली, मान ताणली, आणि बगळा ज्या एका पायावर उभा होता त्या पायाला कडकडून चोच मारली.

"साहेब," तिनं विचारलं, "याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि त्याला किती दिवस मिळतात?"

तात्पर्य : मुलांनो, चोराला तुरुंगात टाकण्याच्या खटपटीत आयुष्य घालवू नये. ती जागा सुरक्षित असते. ती आपल्या मुलाबाळांसाठी वेळीच अडवून ठेवावी.