पेढे वाटून झाल्यावर

आमच्या गंगापूर रोडवरच्या इमारतीत निकम मॅडमसमोर ‘हे होणार नाही’ असं म्हणायची कुणाची छाती नाही. एकदा प्लंबर त्यांच्या नळाखाली वाकून म्हणाला, “ही गळती काय थांबणार नाही, मॅडम.”

“थांबणार नाही, की तुम्हाला थांबवता येत नाही? ही दोन वेगळी विधानं आहेत.”

तो बिचारा पान्हा उचलून चालता झाला.

मॅडम कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. राहतात एकट्या, माझ्या शेजारी. आपलं संशोधन त्यांनी मला लग्नाच्या जेवणाचं उदाहरण देऊन समजावलं होतं. एकमेकांचं तोंड न बघणारे पाहुणे एका टेबलावर येणार नाहीत, असं सगळ्यांना बसवायचं. बसवलेलं बरोबर आहे का, हे चटकन तपासता येतं. पण बसवायचं कसं, याची झटपट रीत अजून कुणालाच सापडलेली नाही, संगणक कितीही मोठा घ्या. अशी रीत असूच शकत नाही, हे मॅडमना निव्वळ तर्कानं सिद्ध करायचं होतं. त्यांची वाट अशी: प्रश्न मांडायला कसलं वाक्य लागतं, त्यावरून तो सोडवणं किती अवघड ते ठरवायचं.

गेल्या दिवाळीत त्यांनी ते सिद्ध केलं आणि इमारतभर पेढे वाटले. थोड्याच दिवसांत माझी बेल वाजली. दारात मॅडम, मान खाली.

“चूक निघाली. प्रत्येक रीत माझ्या वाक्यांत मांडता येते, असं मी धरून चालले. जी मला मांडता आली नाही, ती नाहीच म्हणून मोकळी झाले.”

“अहो, होतं असं.”

“पेढे खाल्लेत ना तुम्ही? मग सांगायला नको? बाकीच्यांकडेही जायचंय. चला ना बरोबर, एकटीला लाज वाटते.”

आम्ही दारोदार हिंडलो. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “पेढे तर छान होते की!” वॉचमननं पोटावर हात फिरवला. “मला काय नाय झालं मॅडम, एकदम ठीक हाय.”

मला हसू फुटणार होतं. पण मॅडमचे कान लालबुंद झाले होते. मग माझीच मला लाज वाटली.

“अजून एक घर राहिलंय,” त्या म्हणाल्या. “ओझरला. वडील.”

गाडीत कळलं ते असं. ठरलेलं लग्न मोडून मॅडम शिकायला निघून गेल्या, तेव्हापासून वडील बोलत नव्हते. दिवाळीत त्या पेढे घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनी इतक्या वर्षांनी दार उघडलं. शेजाऱ्यांना हाका मारून लेकीचं कौतुक सांगितलं. पण ‘आत ये’ काही म्हटलं नाही, आणि मॅडम अंगणातूनच परतल्या होत्या.

“नुसतीच कशी जाणार होते मी? काहीतरी कारण हवं होतं ना,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “आता तेही गेलं.”

दार वडिलांनीच उघडलं. मॅडम बाहेरच थांबल्या.

“अण्णा, ते चुकलं. सगळंच. शेजाऱ्यांनाही सांगा, चुकलं म्हणून.”

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते आत गेले. दार उघडंच होतं. तरी मॅडमचं पाऊल उचलेना. आत भांडी वाजली.

“चहा ठेवलाय,” आतून आवाज आला. “साखर किती घेतेस गं तू आता?”

मॅडमनी वाकून चपला काढल्या. मी गाडीशी जाऊन, पाठ करून उभा राहिलो.