पुलावरचा धावा

सेतुसंवर्धन खात्याची सूचना आमच्या देवळाच्या फळ्यावर लागली तेव्हा तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. "येत्या रविवारी सकाळी नव्या पुलावर सर्वांनी एकत्र येऊन धावा," असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आमच्या कीर्तन मंडळाने ती वाचली आणि आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. शेवटी सरकारलाही देव आठवला होता.

कीर्तनात धावा म्हणजे संकटात सापडलेल्या भक्ताने देवाला मारलेली हाक. द्रौपदीने भरसभेत केला तो धावा. मगरीने पाय धरल्यावर गजेंद्राने केला तो धावा. "एकत्र येऊन धावा" याच्यापुढे "करावा" हा शब्द खात्याने काटकसर म्हणून गाळला असणार, असं आम्ही धरून चाललो. आणि खरं सांगायचं तर त्या पुलाइतकी धाव्याची गरज पेडणे तालुक्यात दुसऱ्या कशालाच नव्हती.

पुलाची हकीकत अशी. पूल पुरा झाला, त्याचं उद्घाटन झालं, आणि पूल आहे म्हटल्यावर फेरीबोट कशाला, म्हणून त्याच संध्याकाळी फेरीबोट बंद झाली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पुलाची भारचाचणी राहिली आहे. चाचणी होईपर्यंत पूल बंद. चाचणीसाठी भरलेले ट्रक पुलावर उभे करावे लागतात; पण दोन्ही टोकांना "वाहनांस मनाई" असे फलक लावून झाले होते, आणि ते फलक चाचणी झाल्याशिवाय काढता येत नव्हते. अशा रीतीने पूल दोन्ही बाजूंनी नियमात पक्का बसला होता.

आमचं दुःख वेगळं होतं. नदीपलीकडे चंद्रावतीबाई राहतात. दरवर्षी आमच्या देवाच्या उत्सवात त्यांचं कीर्तन. बाईंनी गजेंद्रमोक्ष लावला की देवळातला समईचा उजेडसुद्धा मान वर करून ऐकतो, असं मला वाटतं. फेरीबोटीतून त्या सुखाने यायच्या. धारगळचा हमरस्ता धरून लांबून जीपने आणलं, तर त्यांच्या गुडघ्यांना तो प्रवास सोसत नाही, मग उभं राहवत नाही. आणि देवापुढे बसून कीर्तन करायचं नाही हा त्यांच्या घराण्याचा नेम. उत्सव तोंडावर आला होता. पूल सुरू झाला तर बाई येणार, नाही तर देव यंदा कीर्तनाविना राहणार.

म्हणून आम्ही धाव्यासाठी आपली नावं दिली. तबल्यावर बाबली, पेटीवर कृष्णनाथ, झांजेला मी, आणि मागून सूर धरायला बाबलीची बायको देवकी. फोनवरून बाईंनाही कळवलं. त्या म्हणाल्या, "सरकारनं धावा करायला सांगितलाय? मग मला न्यायलाच हवं. भाचे मला खुर्चीत घालून पुलाच्या मध्यापर्यंत आणतील."

रविवारी आम्ही तबला, पेटी घेऊन पुलाच्या टोकाशी पोचलो आणि पाहतो तर अर्धा गोवा आखूड चड्ड्या घालून तिथे उभा! कोणी पाय ताणत होतं, कोणी जागच्या जागी उड्या मारत होतं, कोणी मनगटावरच्या घड्याळाला आपल्या छातीचे ठोके विचारत होतं.

"गे बाये!" देवकी म्हणाली. "ह्यो धावो न्हय, ही धावपळ!"

"माका जेवल्याबगर जिनो चडूक जायना," बाबली म्हणाला. "हांव खंय धांवतलों?"

परत फिरणार इतक्यात खात्याचे कनिष्ठ अभियंता सिद्धेश साहेब बाबलीकडे धावत आले. त्यांनी बाबलीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ज्या नजरेने मी बाईंच्या कीर्तनाकडे पाहतो, अगदी त्याच नजरेने.

"आपण जाऊ नका," ते म्हणाले. "आपल्यासारख्यांसाठीच तर हे आयोजन आहे."

तेव्हा उलगडा झाला. वाहनांना मनाई होती. माणसांबद्दल फलकावर काहीच नव्हतं. म्हणजे भारचाचणी माणसांनी करायला हरकत नव्हती. पण "पूल पडतो का ते बघायला या" असं म्हटल्यावर कोण येणार? त्याच पुलावर शर्यत ठेवली, टी-शर्ट दिला, पदक दिलं, हातात एक केळं ठेवलं, की लोक नाव नोंदवायला रांग लावतात. खात्याला धावपटू नको होते. खात्याला भार हवा होता.

त्यामुळे नोंदणीच्या मांडवात नारळाची पोती तोलायचा काटा टांगला होता. शहरातून आलेले धावपटू त्यावर बसत आणि नापास होत. बिचाऱ्यांनी कित्येक महिने साखर सोडली होती, भात सोडला होता, रोज पहाटे उठून मांडवीच्या काठाने पळाले होते. त्यांना सांगण्यात आलं की आपली तयारी अपुरी आहे. मांडवाच्या मागे तातडीने वजनवाढ विभाग उघडण्यात आला. पाव भाजणारा पदेर सायकलीवरून गरम पोया आणत होता, मोठ्या टोपात पातळ भाजी होती, परातीत शिरा होता. आणि ती सडपातळ मंडळी डोळ्यांत पाणी आणून खात होती. एक बाई तर शिऱ्याच्या चौथ्या वाटीला सद्गदित होऊन म्हणाली, "इतके दिवस हे कुठे होतं?"

बाबली पहिल्याच फटक्यात पास झाला. काट्याचा दांडा वाकला म्हणून त्याला खास पट्टा मिळाला: "भारदस्त सहभागी".

"पयल्यांदाच सरकारान म्हटला, तुझा वजन आसा," बाबली हरखून म्हणाला. मग त्याला शंका आली. "साहेब, आमचा इतका वजन आसा तर मगे फेरीबोट कित्याक बंद केल्यात?"

"ते वजन वेगळ्या विभागाकडे येतं," साहेब म्हणाले.

कृष्णनाथ मात्र अडकला. तुयेच्या कारखान्यात पाळ्या करून करून तो उदबत्तीसारखा झाला आहे. काट्यावर बसला तर काटा हललासुद्धा नाही. बराच खल झाला. अखेर त्याला पेटीसकट तोलण्यात आलं आणि "वाद्यासह पात्र" असा शिक्का त्याच्या हातावर मारण्यात आला.

योजना अशी होती: दोन्ही काठांवरून एकाच वेळी लोक सुटतील आणि पुलाच्या मध्यावर एकमेकांना भेटतील. तिथे सगळा भार एकवटला की खाली होडीत बसलेले सिद्धेश साहेब पुलाच्या पोटाला लावलेल्या यंत्राचा काटा बघतील. काटा स्थिर होण्यासाठी लोकांनी थोडा वेळ निश्चल उभं राहायचं होतं. ही शेवटची गोष्ट मात्र धावपटूंना सांगायची राहून गेली होती, कारण ती सांगितली तर ती शर्यत राहिली नसती.

शिट्टी झाली. पूल दणाणला. आम्ही चौघे सगळ्यांच्या मागून निघालो. बाबलीच्या गळ्यात तबला, खांद्यावर डग्गा. कृष्णनाथ पेटी छातीशी धरून पळत होता आणि प्रत्येक पावलागणिक पेटी आपोआप एकेक सूर काढत होती. वारा कानांत, खाली नदी, वर आभाळ. मला तर इतकं हसू येत होतं की झांजा हातात आपणच वाजत होत्या. देवकीने पदर खोचला आणि नवऱ्याला मागे टाकून पुढे गेली. "येवा, भारदस्त, येवा!" ती ओरडली.

मध्यावर दोन्हीकडचे लोक भेटले आणि थांबले नाहीत. ते एकमेकांच्या अंगावरून, बगलेखालून आरपार निघू लागले. खालून होडीतून आवाज येत होता, "थांबा! कृपया थांबा!" पण धावणाऱ्या माणसाला थांबा म्हटलं की तो समजतो, आपण पुढे आहोत. साहेबांचा काटा थरथरत होता. चाचणी फसणार, पूल बंदच राहणार, हे दिसत होतं.

आणि तेवढ्यात पलीकडून भाच्यांनी खुर्ची आणली. चंद्रावतीबाई उतरल्या, उभ्या राहिल्या, पदर सावरला. त्यांना शर्यत वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्यांना इतकंच ठाऊक होतं की एकत्र येऊन धावा करायचा आहे. कृष्णनाथने होता तिथेच, भर रस्त्यात, मांडी ठोकली आणि पेटीवर सूर धरला. बाबलीने थाप मारली. बाईंनी हाक दिली: "धाव रे नारायणा!"

काय सांगू! हात वर गेलेले वरच राहिले, उचललेला पाय हळूच खाली आला. घड्याळं ठोके मोजायची विसरली. मगरीने गजेंद्राचा पाय धरला तेव्हा सगळा पूल श्वास धरून उभा होता. मग बाईंनी टाळी मागितली आणि हजारो हातांनी एका लयीत टाळी दिली. पुलाखालून साहेब ओरडले, "स्थिर! काटा स्थिर!" त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पूल पास झाला.

नाचलो आम्ही. देवकीने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आता उत्सवाक तुमी चलत येतलात!"

पुढच्या आठवड्यात खात्याचं प्रमाणपत्र आलं. ते असं होतं: "सदर पूल उभ्याने टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांसाठी पूर्णतः सक्षम आढळला आहे. चालणाऱ्या, धावणाऱ्या व वाहनातून जाणाऱ्या व्यक्तींबाबत चाचणी झालेली नसल्याने त्याबाबत मत देता येत नाही. सबब, पूल सभामंडप म्हणून खुला करण्यात येत आहे. श्रोत्यांनी ज्या बाजूने प्रवेश केला त्याच बाजूने परतावे. आरपार गेल्यास ती वाहतूक समजण्यात येईल."

आम्ही सिद्धेश साहेबांकडे गेलो. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "जी चाचणी झाली तिचाच निकाल मी देऊ शकतो."

"पण बाईंना फक्त पलीकडून अलीकडे यायचंय," मी म्हणालो. "चालत. हळूहळू."

"हळू वाहतूक ही वाहतूकच."

"मग देवाक हाडूं पुलार?" देवकीने विचारलं. "पालखीतसून?"

साहेबांनी नियम चाळले. "पालखी हे देवाचं वाहन ना?"

खात्याने तत्परतेने पुलाच्या मध्यावर पांढरी रेघ मारली. उत्सवाच्या दिवशी बाई रेघेच्या पलीकडे उभ्या राहिल्या, आम्ही अलीकडे. गर्दी तर विचारू नका! नदीवरचा वारा, दिव्यांच्या माळा, पुलाच्या टोकाशी गाड्या लावायला ऐसपैस जागा, वजनवाढ विभागाच्या पोया. देवळात अशी सोय कधीच नव्हती. शहरातले धावपटूसुद्धा टी-शर्ट घालून आले. जो तो म्हणत होता, सरकारने काही तरी चांगलं केलं हो!

पूर्वरंग झाला. आख्यान लागायच्या वेळी बाई एकाएकी थांबल्या. त्यांनी आमच्या माथ्यावरून पलीकडे पाहिलं. तिथून आमच्या देवळाचा कळस दिसतो.

"देवाजवळ कोण आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे इथेच होतो.

"मी त्याच्यापुढे उभी राहायला निघाले होते," बाई म्हणाल्या. "चार पावलं तर आहेत. वाट द्या मला." आणि त्यांनी रेघेवर ठेवायला पाय उचलला.

पोलीस नव्हता. साहेब आधीच जेवायला गेले होते. मध्ये फक्त आम्ही होतो, आणि आम्ही वाट दिली नाही. "बाई, नको!" कोणी तरी म्हणालं. मग सगळेच म्हणू लागले, "नको, बाई! नियम मोडला तर पूल बंद करतील. मग कीर्तन कुठे ऐकायचं? तिथूनच चालू द्या, छान ऐकू येतंय!"

बाईंनी उचललेला पाय तसाच मागे घेतला. मग त्यांनी टाळी मागितली, आणि आम्ही दिली. तुम्हीही होतात की त्या गर्दीत; तुमच्या शेजारीच उभा होतो मी. पहिल्यांदाच आला होतात, तरी तुमची टाळी अगदी तालात पडत होती.