ओळख, कशाचं आहे?

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या रस्त्यावर ठरल्या दिवशी प्रत्येक दाराबाहेर उरलंसुरलं अन्न टाकायचा कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, डबा उभा असतो. शेजारच्या शरयूकाकूंचा मात्र नसतो. त्यांनी त्यात पुदिना लावलाय. टाकायला काही उरतच नाही, मग डबा तरी वाया का घालवायचा, हा त्यांचा सवाल.

कोथिंबिरीच्या काड्या चटणीत, पनीरचं पाणी कणकेत, कालची आमटी आजच्या थालीपिठात. संत्र्याच्या साली रेडिएटरवर वाळतात आणि घरभर वास सुटतो. मी पुण्याहून आले तेव्हा स्वतःला काटकसरी समजत होते. काकूंनी एकदा माझ्या कचऱ्यातून ब्रोकोलीचा दांडा काढून दाखवला, जणू मी सोन्याची बांगडी टाकली होती. संध्याकाळी त्याचीच भजी घेऊन त्या दारात हजर. मी थक्क झाले, आणि तेव्हापासून थक्कच आहे.

येतात त्या कधीच बसायला नाही. कोटही न काढता वाटी पुढे करतात आणि विचारतात, "ओळख, कशाचं आहे?" पावाच्या कडांचा शिरा मी रव्याचा म्हणून मिटक्या मारत खाल्ला. "फसलीस," म्हणताना काकूंचा चेहरा असा खुलतो की फसण्यातही मजा वाटते.

पण माझी जीभही हळूहळू तयार होत होती. एकदा वड्या आल्या. "कलिंगडाची साल," मी ऐटीत म्हणाले. "बरोबर," म्हणून काकू निघून गेल्या. त्यानंतर बरेच दिवस बेल वाजली नाही.

मला राहवेना. दुपारी मीच त्यांच्याकडे गेले. काकू फ्लॉवरचा दांडा किसत होत्या. "रागावलात का?" मी विचारलं. त्या किसतच राहिल्या.

"ह्यांना शिळं, उरलेलं चालायचं नाही गं. मग मी रूप पालटून वाढायची आणि ओळखा म्हणायची. जन्मात एकदाही ओळखता आलं नाही त्यांना."

काकांना मी पाहिलेलं नाही. भिंतीवर त्यांचा पांढऱ्या कोटातला फोटो आहे. बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासण्याची नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. पिठात चिमूटभर मीठ कमी पडलं तरी ते घाणा परत पाठवायचे, हे काकूंनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. त्या फोटोकडे मी पुन्हा एकदा पाहिलं. इतके दिवस मी काकूंनाच थोर समजत होते.

संध्याकाळी बेल वाजली. कोट, वाटी, वाटीत खुसखुशीत वडे. पहिल्याच घासाला दुपारचा दांडा जिभेवर आला.

"ओळख, कशाचं आहे?" या वेळी आवाज जरा बारीक होता.

मी डोळे मिटून खूप विचार केल्यासारखं केलं. "नारळ?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. किसताना मी समोर उभी होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"फसलीस," त्या म्हणाल्या, आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "चहा टाक. आल्याची सालं फेकू नकोस हं, ती पण घाल."