डावीकडे आठ पावलं

मारिट दात घासून बाहेर आली, तेव्हा बस गेलेली होती.

एकच नव्हे, चारही बस गेल्या होत्या. त्यांच्यामागे वाद्यांचे दोन ट्रक आणि स्वयंपाकाची गाडीही गेली होती. आयोवातल्या त्या पेट्रोल पंपावर सकाळी सहा वाजता मागे उरलं होतं ते असं: दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर मका, काउंटरमागे पेंगणाऱ्या बाई, आणि बदकांची चित्रं असलेल्या पायजम्यात, रबरी सपाता घातलेली, तोंडात फेस घेऊन उभी असलेली एकोणीस वर्षांची मारिट हेगन. फोन बसमध्ये चार्जिंगला लावलेला. पाठ असलेला नंबर एकच, आईचा. आणि आई ह्या वेळी दवाखान्यात रात्रपाळीवर, म्हणजे फोन कपाटात.

तिला माणसं गमावल्याचं दुःख झालं नाही. माणसं संध्याकाळी स्टेडियमवर भेटणारच होती. तिला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

गावोगाव फिरून मैदानावर कवायत करत वाजवणाऱ्या प्रेअरी लँटर्न्स ह्या बिगुल-पथकात ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला आली ती राखीव म्हणून. वाद्य कॉन्ट्रा. कॉन्ट्रा म्हणजे खांद्यावर घ्यायचं सर्वांत मोठं बिगुल. वजन तीन वर्षांच्या पोराएवढं, आणि तशा पोरासारखंच ते दिवसभर खाली ठेवता येत नाही. महिनाभर ती कडेला उभी राहून दुसऱ्यांची पावलं मोजत होती. मग कॉन्ट्राच्या रांगेतल्या ऑगीचा घोटा मोडला आणि त्याची जागा तिला मिळाली. तीन आठवडे ती जागा तिनं जिवापाड सांभाळली. पण परवाच ऑगीच्या पायाचं प्लास्टर निघालं, आणि कवायत बसवणारा थॅड काल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "उद्याचा प्रयोग बघतो. मारिटनं नीट केलं तर जागा तिची. नाही तर ऑगी परत."

आणि आता तो 'उद्या' तिला सोडून निघून गेला होता.

हे घडलं कसं, ते तिला उमगायला वेळ लागला नाही. बस सुटण्यापूर्वी प्रत्येकानं आपापला आकडा ओरडायचा असतो. मारिट तेवीस, शेजारची ब्रॉनविन चोवीस. पण दिवसाचे बारा तास उन्हात चालणारी पोरं बसमध्ये मेल्यासारखी झोपतात, तेव्हा जागं असेल त्यानं झोपलेल्याचा आकडाही सांगायचा, असा पथकातला माणुसकीचा अलिखित नियम. मारिट ब्रॉनविनसाठी रोज सांगायची. आज ब्रॉनविननं डोळे न उघडता शेजारच्या उशी आणि पांघरुणाच्या ढिगाकडे मायेनं हात टाकला, बारीक आवाजात "तेवीस" म्हटलं, जाड आवाजात "चोवीस" म्हटलं आणि ती पुन्हा घोरू लागली.

मारिटनं फेस थुंकला आणि ती काउंटरवरच्या बाईंकडे फोन मागायला वळली, तेवढ्यात पंपावर बस शिरल्या. चार बस, दोन ट्रक, स्वयंपाकाची गाडी. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग बसवरचं नाव दिसलं. हेरल्ड्स! गेली दोन वर्षं स्पर्धेत लँटर्न्सच्या बरोबर एक नंबर पुढे असणारं पथक.

पहिल्या बसमधून एक उंच, खणखणीत आवाजाची बाई उतरली. हेरल्ड्सची कवायत बसवणारी डोरीन. तिनं मारिटला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुठल्या पथकाची गं तू?"

"तुम्हाला कसं कळलं पथकातली आहे ते?"

"हात बघ स्वतःचे."

मारिटनं पाहिले. दंड भाजलेल्या पावासारखे आणि मनगटापासून पुढे, हातमोज्यांमुळे, दुधासारखे.

"लँटर्न्स," ती म्हणाली. "विसरले मला."

"आकडा शेजारणीनं सांगितला?"

"हो."

"आमचा एक पोरगा गेल्या वर्षी असाच राहिला होता. चढ. संध्याकाळी स्टेडियमवर तुला देऊन टाकते त्यांच्या ताब्यात. नंबर शोधून तुझ्या माणसांना कळवते मी."

तासाभरानं नंबर मिळून डोरीननं फोन केला, तेव्हा लँटर्न्सच्या तळावर आधीच गोंधळ उडाला होता. बसमधली मोजणी चुकली तरी मार्लिसची चुकत नाही. मार्लिस म्हणजे स्वयंपाकाच्या गाडीवरची बाई. स्वतःची तिन्ही मुलं पथकातून कधीच बाहेर पडली, पण ही दर उन्हाळ्यात येऊन दुसऱ्यांच्या दीडशे मुलांना चारीठाव जेवू घालते. शेवटची थाळी हातात धरून ती ओरडत होती, "हे पॅनकेक कुणाचे? मला सांगा, कोण उपाशी आहे?" शेवटी ब्रॉनविननं बसमध्ये जाऊन ढीग हलवला आणि आतून उशी निघाली.

फोनवर थॅड मात्र अगदी शांत होता.

"दोन्ही तळांमध्ये दोन तासांचं अंतर आहे," तो डोरीनला म्हणाला. "आणायला गाडी नाही आणि माणूसही नाही. स्टेडियमवर भेटू. तिला सांगा, आज सरावाला ऑगीला उभा करतोय."

डोरीननं निरोप जसाच्या तसा सांगितला. मारिटनं मान हलवली आणि ती खिडकीतून मक्याकडे पाहत राहिली. मका संपेचना.

हेरल्ड्सचा तळ एका शाळेत होता. मारिट मैदानाच्या कडेला सावलीत बसली आणि शहाण्या पाहुणीसारखं काहीही न करता बसून राहायचं तिनं ठरवलं. हे तिला अकरा मिनिटं जमलं.

कारण हेरल्ड्सच्या कॉन्ट्राच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिथल्या मुलाची दाढ ठणकत होती म्हणून त्याला दंतवैद्याकडे नेलं होतं. आता ह्या लोकांचं असं आहे, की मैदानात साप निघाला तर ते त्याला वळसा घालून पुढे जातील, पण रांगेतली रिकामी जागा त्यांना सोसवत नाही. शेजारचा खांदा बघून चालायची सवय. खांदाच नसेल तर बघायचं कुणाकडे? दर वेळी रांग तिथून ढासळत होती आणि डोरीन ओरडत होती. मारिटचे पाय बसल्याजागी वळवळायला लागले.

"मी नुसती उभी राहू का तिथे?" तिनं विचारलं.

डोरीननं एक भुवई वर केली. "दुसऱ्या पथकाची कवायत करणार?"

"करणार नाही. उभी राहणार."

"बरं, उभी राहा. जागा भरली की झालं."

मग उभ्या माणसाला चालावं लागलं. चालणाऱ्याच्या गळ्यात पावलांच्या हिशेबाची वही आली. सपातांनी चालता येईना म्हणून दाढवाल्याचे बूट आले. ते दोन नंबर मोठे, म्हणून पुढे मोजे कोंबले. हात मोकळे बरे दिसत नाहीत म्हणून त्याचा कॉन्ट्राही आला. दुपारपर्यंत मारिट हेगन, प्रेअरी लँटर्न्स, हेरल्ड्सचा अख्खा प्रयोग करत होती. एक जागा अशी होती, की सगळं पथक कानठळ्या बसतील असा सूर लावून एकदम गप्प होई; आठ ठोके शांतता; आणि त्या शांततेत कॉन्ट्रांनी डावीकडे आठ पावलं जायचं. डोरीननं ती आठ पावलं एकतीस वेळा करून घेतली.

"लँटर्न्सवाले, तुझे पाय छान आहेत," ती शेवटी म्हणाली. मारिटला इतका आनंद झाला, की आपण कुणाच्या बुटात आहोत हेही ती विसरली.

स्टेडियमच्या फाटकाशी मार्लिस गणवेश घेऊन उभीच होती. तिनं आधी मारिटला छातीशी धरलं, मग दंडाला चिमटा काढला, मग हातात थंड पॅनकेक कोंबला. "खा. आणि पुन्हा दात घासायला गेलीस ना, तर माझ्यासमोर घासायचे." ब्रॉनविन मागून आली ती रडतच.

"मी तुला जागवणार होते गं! पण तू इतकी शांत झोपली होतीस!"

"ती उशी होती, ब्रॉनी."

"म्हणूनच तर!"

थॅड हातात वही घेऊन आला. त्याच्यामागे ऑगी, गणवेशात, टोपी काखेत, चेहरा पडलेला.

"नियम माहितीये," थॅड म्हणाला. "ज्यानं त्या दिवशी सराव केला नाही, तो मैदानात जात नाही."

"मी केलाय सराव. पाच तास."

"कसला?"

"हेरल्ड्सचा."

थॅडनं डोळे मिटले. वाद घालायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात ऑगी म्हणाला, "थॅड, तिलाच जाऊ दे. मला जुनी कवायत येते. तीन आठवड्यांत तुम्ही सगळं बदललंत. आज दुपारी मला तिघांनी तुडवलं, आणि मी एकाला. घोटा बरा आहे, पण पळायची पाळी आली की मी घाबरतो."

"तुला जागा नकोय?"

"हवी आहे हो!" ऑगी म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की स्वतःच ओशाळला. "हे माझं शेवटचं वर्ष आहे. पण आज रांग माझ्यामुळे मोडेल. तिच्यामुळे नाही मोडणार."

त्यानं मारिटच्या टोपीत स्वतःच्या हातानं पिसांचा तुरा खोवला. आपला तुरा आपण खोवायचा नाही, अशी पद्धतच आहे. थॅडनं हातातली वही मिटली.

"जा," तो मारिटला म्हणाला. "पण एक चूक, आणि उद्यापासून ऑगी. मग तो लंगडत चालला तरी चालेल. कळलं?"

"कळलं."

प्रयोगाची पहिली सात मिनिटं मारिटनं आयुष्यात केली नव्हती इतकी सुंदर केली. मग लँटर्न्सच्या कवायतीतही तशीच एक जागा आली. सगळं पथक कानठळ्या बसतील असा सूर लावून गप्प झालं. आठ ठोके शांतता. ह्या शांततेत लँटर्न्सनी काय करायचं असतं? दगडासारखं उभं राहायचं.

मारिटच्या पायांनी डावीकडे आठ पावलं टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्या पावलाला तिला कळलं. पण मध्येच थांबणं म्हणजे चूक उघडी पाडणं. पाय चालतच राहिले. तिच्या डावीकडच्या दोघांनी तिचा खांदा येताना पाहिला आणि तेही सरकले. उजवीकडच्या सातांनी तिचा खांदा जाताना पाहिला आणि रिकामी जागा न सोसून तेही निघाले. दहाच्या दहा कॉन्ट्रा, एकाच अंतरानं, एकाच तालात, मोठ्या फाटकासारखे वळून उघडले. कुंपणापलीकडे आपल्या पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या हेरल्ड्सच्या कॉन्ट्रा-रांगेतल्या नऊ जणांनीही, काही कारण नसताना, डावीकडे आठ पावलं टाकली.

आणि त्या उघडलेल्या फाटकामागे ब्रॉनविन उभी होती. ह्या शांततेनंतर एकटीनं छोट्या बिगुलावर हळुवार सूर वाजवायचं काम तिचं. जूनपासून ती ते दहा अजस्र वाद्यांच्या पाठीमागून वाजवत होती आणि हा आवाज येतो कुठून, हे आजवर एकाही प्रेक्षकाला कळलं नव्हतं. आज समोर अचानक उजेड, हजारो चेहरे, आणि मध्ये कुणी नाही. ती दचकली. मग तिनं बिगुल ओठांना लावलं आणि असं वाजवलं, की वरच्या बाकांवरची माणसं उभी राहिली.

मारिटला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. मैदानाबाहेर आल्यावर ती कॉन्ट्रा मिठीत धरून ट्रकच्या चाकाशी बसली. ऑगी तिच्या शेजारी येऊन बसला. एकीची जागा जाणार होती, दुसऱ्याला ती अशी नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर थॅडनं सगळ्यांना गोळा केलं. परीक्षक प्रयोग पाहतापाहता आपलं मत बोलून ध्वनिमुद्रित करतात. ते त्यानं मोठ्यानं लावलं. सात मिनिटं परीक्षकाचा कंटाळलेला आवाज. मग शांतता. मग तोच आवाज एकदम ओरडला, "अरे! अरे, हे बघा! दारच उघडलं! आणि ही पोरगी इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीत?" पुढे ब्रॉनविनचं बिगुल, आणि परीक्षक काहीच बोलेना. शेवटी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

थॅडनं यंत्र बंद केलं आणि सुधारलेल्या कवायतीचे कागद वाटले. तिथे आता लिहिलेलं होतं: कॉन्ट्रा, डावीकडे आठ पावलं.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "दार उघडतं तेव्हा टोकाशी फट पडते. रात्री तीच बघत बसलो होतो. दाराला बिजागरी लागते. म्हणजे अकरावा कॉन्ट्रा. त्याला पळायचं नाही, फक्त एका जागी खांब होऊन उभं राहायचं आणि वळायचं. बाकीच्या वेळी तो कुठे असेल, ते मी पुढच्या चार दिवसांत बसवतो." त्यानं शेवटचा कागद ऑगीसमोर धरला. "घोट्याला झेपेल?"

ऑगीनं कागद घेतला, उलटा वाचला, मग सुलटा वाचला आणि डोळे पुसत वाद्यांच्या ट्रककडे निघाला. आधी चालत, मग थॅडचं लक्ष नाही असं बघून चक्क पळत.

"आणि मारिट," थॅड आवाज खाली आणून म्हणाला, "पुन्हा असं काही सुचलं तर आधी मला सांगत जा."

"मला सुचलं नव्हतं, थॅड."

"माहितीये मला. पण बाकीच्या दीडशे जणांना ते सांगू नकोस. आत्ताच चार जण येऊन विचारून गेलेत, की त्यांनीही एकेक दिवस हेरल्ड्सकडे जाऊन यावं का."